वादळ ओसरल्यानंतरचे दिवस आणि तळाचा रवाळ थर : स्कीइंग व स्नोमोबाइल करणाऱ्यांसाठी

मूळ लेखन

मोठे वादळ होऊन गेले की पहिले एक-दोन दिवस बहुतेक जण जपूनच वागतात. बर्फ डोळ्यांदेखत कोसळत असतो, हिमस्खलनाच्या रोजच्या अंदाजात धोक्याची पातळी पाचपैकी ४ असते आणि कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही. माझ्या मते खरी कसोटी पाचव्या-सहाव्या दिवशी लागते. आकाश निवळलेले असते, वारा पडलेला असतो, आपोआप होणारी हिमस्खलने थांबलेली असतात, पातळी ४ वरून ३ वर आणि मग २ वर आलेली असते, आणि आठवडाभर खोळंबलेले आपण स्की किंवा स्नोमोबाइल घेऊन, जिथे कोणी उतार सुरक्षित करून ठेवत नाही अशा मोकळ्या डोंगरात निघतो. यंदा तळाशी रवाळ थर बसलेला असल्यामुळे नेमक्या याच दिवसांविषयी सविस्तर लिहावेसे वाटले. जाणकारांनी भर घालावी आणि माझे कुठे चुकत असेल तर निःसंकोच दाखवून द्यावे.

सगळ्यात घातक असते ते स्लॅबचे स्खलन. भुसभुशीत बर्फ घसरतो तेव्हा घसरण एका बिंदूपासून सुरू होऊन खाली पंख्यासारखी रुंदावत जाते, आणि ती बहुधा आपल्या पायांच्या खालच्या बाजूला निघून जाते. स्लॅबचे तसे नसते. एकसंध, घट्ट झालेल्या बर्फाची अख्खी लादी खालच्या कच्च्या थरावर टेकलेली असते. तो थर एका जागी मोडला की मोड लादीखालून क्षणार्धात दूरवर धावते, वर कुठेतरी भेग पडते, आणि आपण मधोमध उभे असताना सगळी लादी सुटते. माणसांचा बळी घेणाऱ्या हिमस्खलनांपैकी सुमारे नव्वद टक्के स्खलने त्या माणसाच्या किंवा त्याच्याच सोबत्यांच्या भाराने सुरू झालेली असतात. ही गोष्ट भीतिदायक आहे, तशीच ती धीर देणारीही आहे, कारण कोणत्या उतारावर पाय ठेवायचा हे बऱ्याच अंशी आपल्या हातात राहते.

आता रवाळ थर कसा तयार होतो ते पाहू. जमिनीलगतच्या बर्फाचे तापमान हिवाळाभर शून्य अंशाच्या आसपास राहते. वरचा पृष्ठभाग मात्र निरभ्र रात्री उणे वीसपर्यंत जाऊ शकतो. दर दहा सेंटिमीटरला साधारण एक अंशापेक्षा जास्त फरक पडू लागला की खालचे बाष्प वर सरकू लागते आणि कणांमधले दुवे झिजून त्यांच्या जागी टोकदार, सुटे स्फटिक वाढतात. हंगामाच्या सुरुवातीला बर्फ साठ सेंटिमीटरच असेल, तर वीस अंशांचा फरक त्या साठ सेंटिमीटरमध्ये मावतो, म्हणजे दर दहा सेंटिमीटरला तीन अंशांहून जास्त. तोच फरक अडीच मीटर जाड बर्फात विभागला गेला तर दर दहा सेंटिमीटरला एक अंशही भरत नाही. त्यामुळे ‘बर्फ कमी आहे, म्हणजे धोका कमी’ हा समज उलटा आहे. पातळ बर्फ आणि लांबलेली निरभ्र थंडी यांतूनच पुढच्या वादळांचा कच्चा पाया घातला जातो. समुद्राजवळच्या पर्वतांत बर्फ जाड आणि ऊबदार असल्यामुळे असे थर सहसा लवकर सावरतात. कोलोरॅडोच्या रॉकी पर्वतासारख्या खंडाच्या आतल्या, कोरड्या आणि थंड प्रदेशात मात्र ते महिनोन्‌महिने टिकतात.

तीन आठवड्यांपूर्वी आम्ही उत्तरेकडे तोंड असलेल्या एका सौम्य उतारावर बर्फाचे थर पाहण्यासाठी खड्डा घेतला. वरचे सत्तर सेंटिमीटर फावड्याने कापताना भिंत सुरीने कापल्यासारखी गुळगुळीत येत होती. त्याच्या खाली फावडे लागताच भिंत आपोआप ओघळू लागली. हातमोजा काढून तिथला बर्फ मुठीत दाबून पाहिला, तर त्याचा गोळा होईना. जाडसर साखर निसटावी तसा तो बोटांच्या फटींतून गळून गेला. काळ्या पत्र्यावर चिमूटभर घेऊन भिंगाखाली धरला तेव्हा दोन-तीन मिलिमीटरचे, कडांवर पायऱ्या-पायऱ्या दिसणारे, पेल्यासारखे पोकळ स्फटिक स्पष्ट दिसले. त्यावर आता तीन वादळांचे बर्फ बसले आहे. परत येताना, जवळजवळ सपाट जागेवर, पायांखालून ‘धप्प’ असा खोल आवाज आला आणि दहा-बारा पावलांवरच्या झुडपाच्या फांदीवरचा बर्फ हलला. तो आवाज म्हणजे तळाचा थर खचल्याची खूण होती. जमीन सपाट असल्यामुळेच आम्ही शाबूत होतो.

अशा थराचा आणखी एक स्वभाव लक्षात घ्यावा लागतो, आणि तो म्हणजे स्खलन दुरूनही सुरू करता येते. २० एप्रिल २०१३ रोजी कोलोरॅडोतील लव्हलँड खिंडीजवळ, शीप क्रीक येथे सहा जण खालच्या बाजूने जात असताना वरचा उतार सुटला आणि पाच जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशीच्या अंदाजात खोलवरच्या कच्च्या थराचा इशारा होता, त्या गटाला धोक्याची कल्पना होती, आणि ते सुरक्षित जागेकडेच निघाले होते. पण ती वाट त्याच उताराच्या पायथ्यातून जाणारी होती. ही घटना मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला एकच जाणवते, की धोक्याची माहिती असणे आणि त्या माहितीप्रमाणे वाट आखणे यांत बरेच अंतर असते.

स्लॅबची बहुतेक स्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात आणि त्यांतही अडतिसाच्या आसपास ती सर्वाधिक असतात. दुर्दैवाने स्की करायला आणि यंत्र वर चढवायलाही नेमका हाच कोन आवडतो. तळाचा थर जागा असेल तोवर मी कोनमापकाने मोजून ३० अंशांच्या आत राहतो आणि त्या उताराला वरून जोडलेले काही अधिक चढाचे नाही ना, हेही नकाशावर पाहून ठेवतो. कोन डोळ्यांनी ठरवू नये. ताज्या बर्फावरच्या सपाट उजेडात ३४ अंशांचा उतार मला २८ वाटल्याचा अनुभव एकदा नव्हे, अनेकदा आला आहे.

प्रतिसाद १

लेख आवडला. मी पंधरा वर्षांपासून स्नोमोबाइल चालवतो, म्हणून आमच्या बाजूचे थोडे लिहितो, कारण स्कीवाल्यांचे सगळे नियम आम्हाला जसेच्या तसे लागू होत नाहीत.

पहिली अडचण आवाजाची. तुम्ही लिहिलेला ‘धप्प’ आवाज आम्हाला जवळजवळ कधीच ऐकू येत नाही. इंजिन चालू असते, डोक्यावर हेल्मेट असते आणि पट्ट्याखाली बर्फ उडत असतो. समोरून भेगा धावत गेल्या तरी त्या दिसतीलच असे नाही. त्यामुळे दर थोड्या अंतराने सपाट जागी थांबणे, इंजिन बंद करणे, खाली उतरून चार पावले चालणे आणि फावड्याने खणून पाहणे हे आम्हाला मुद्दाम करावे लागते. स्की करणाऱ्याला चढताना जी माहिती पायांतून आपोआप मिळते, ती आम्हाला वेळ काढून मिळवावी लागते. (इंजिनाच्या आवाजाने हिमस्खलन होते, हा समज मात्र खरा नाही. कच्चा थर मोडतो तो भाराने.)

दुसरी अडचण वेगाची. स्की करणारा दिवसभरात दोन-तीन उतार करतो. आम्ही तासाभरात एक खोरे ओलांडून दुसऱ्यात पोहोचतो. तिथली दिशा वेगळी, उंची वेगळी आणि वाऱ्याने साठलेला बर्फही वेगळा असतो, पण आपल्या डोक्यात मात्र सकाळी पाहिलेल्या उताराचेच चित्र असते. शिवाय यंत्र आणि चालक मिळून तीनशे किलोंच्या आसपास वजन होते. स्की करणाऱ्याचा भार साधारण मीटरभर खोलीपर्यंत जाणवतो, तर यंत्राचा त्याहून खोल पोहोचतो. स्की करणाऱ्याखाली न मोडलेला खोल थर आमच्याखाली मोडू शकतो.

तिसरी गोष्ट अडकलेल्या यंत्राची, आणि माझ्या मते आमच्याकडची सगळ्यात जीवघेणी सवय हीच आहे. एक जण उतारावर वरपर्यंत खूण उमटवायला जातो आणि अर्ध्या वाटेत रुततो. लगेच दुसरा त्याला मदत करायला त्याच उतारावर यंत्र घेऊन जातो आणि अडकलेल्याच्या वरच्या बाजूने वळण घेतो. भार दुप्पट झाला, आणि पकडले जाणारेही दोन झाले. आमच्या गटात आता असा नियम आहे की रुतलेल्याने स्वतःच खणून यंत्र सोडवायचे. बाकीच्यांनी उताराच्या मार्गाबाहेर, तोंड सुटकेच्या दिशेला करून, इंजिन सुरू करता येईल अशा तयारीत थांबायचे आणि नजर त्याच्यावरून हलवायची नाही.

पायथ्याशी रांगेत थांबून वर चढणाऱ्याला पाहणे हीदेखील आमच्यात रूढ झालेली रीत आहे. १३ मार्च २०१० रोजी ब्रिटिश कोलंबियातील रेव्हलस्टोकजवळ बोल्डर माउंटनवर स्नोमोबाइलच्या एका मेळाव्यात वरचा उतार सुटला. पायथ्याशी मोठा जमाव होता. दोघांचा मृत्यू झाला आणि सुमारे तीस जण जखमी झाले. बघ्यांची जागा स्खलनाच्या वाटेत असली की चालकाइतकाच धोका त्यांनाही असतो, हे त्या दिवशी अनेकांना कळले.

प्रतिसाद २

दोन्ही लेखन अतिशय उपयुक्त आहे. एक शंका आहे. गेल्या रविवारी आम्ही खड्डा घेऊन स्तंभाची चाचणी केली. तीस सेंटिमीटर रुंद आणि उताराच्या दिशेने तीस सेंटिमीटर लांब असा स्तंभ चारी बाजूंनी मोकळा करून, वर फावडे ठेवून दहा थापा मनगटातून, दहा कोपरातून आणि दहा खांद्यातून मारल्या. तिसाव्या थापेपर्यंत काहीही मोडले नाही. मग आम्ही ३५ अंशांचा उतार उतरलो आणि काही झाले नाही. आमचा निर्णय बरोबर होता, असे म्हणता येईल का?

मूळ लेखकाचे उत्तर

आपण इतक्या मोकळेपणाने विचारलेत याबद्दल आभार. माझे प्रामाणिक मत असे आहे की निकाल चांगला लागला, पण निर्णय बरोबर होता की नाही हे त्यावरून ठरत नाही. बहुतेक दिवशी बहुतेक उतार सुटत नाहीत. म्हणजे चुकीचा निर्णय घेऊनही आपण बहुतेक वेळा घरी सुखरूप येतो, आणि प्रत्येक वेळी ‘आपल्याला कळते’ हा समज थोडा अधिक पक्का होतो. या विद्येतली सगळ्यात कठीण गोष्ट मला हीच वाटते, की डोंगर चुकीबद्दल लगेच बोलत नाही.

चाचणीबद्दल दोन गोष्टी सांगतो. थापांच्या साध्या चाचणीत थर किती भाराने मोडतो ते कळते, पण मोड पसरेल का ते नीट कळत नाही. त्यासाठी नव्वद सेंटिमीटर रुंदीचा स्तंभ घेऊन एका टोकाला थापा मारण्याची विस्तारित चाचणी जास्त उपयोगी पडते, कारण एका टोकाला सुरू झालेली मोड दुसऱ्या टोकापर्यंत धावते का, हे तिच्यात डोळ्यांना दिसते. मोड आरपार गेली तर मी त्या दिशेचे सगळे चढाचे उतार त्या दिवसापुरते सोडून देतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. कच्चा थर उताराच्या सर्व भागांत सारखा नसतो. जिथे बर्फ जाड आहे तिथे तो दोन मीटर खाली दबलेला असतो आणि माणसाचा भार तिथवर पोहोचत नाही. कड्याच्या काठाला, उघड्या पडलेल्या खडकांभोवती, बुटक्या झाडांच्या आसपास बर्फ पातळ असतो, आणि तिथे तोच थर पृष्ठभागापासून हातभर अंतरावर येतो. आपण खड्डा बहुधा जाड, सोयीच्या जागी घेतो आणि उतरताना मात्र खडकाच्या कडेने वळतो. त्यामुळे वाईट निकाल मिळाला तर मी तो नक्की मानतो, आणि चांगला निकाल मिळाला म्हणून चढाच्या उतारावर जायची परवानगी मिळाली, असे मात्र समजत नाही.

प्रतिसाद ३

मला थोडे वेगळे मत मांडायचे आहे, राग नसावा. पातळी २ म्हणजे ‘मध्यम’ आहे. समजा, एखाद्या उतारावर आधीच्या दोन दिवसांत दहा-बारा जणांच्या स्कीच्या खुणा उमटल्या आहेत. एवढी माणसे सुखरूप गेल्यावरही आपण ३० अंशांच्या आतच राहायचे असेल, तर हिवाळाभर सौम्य उतारांवरच फिरायचे का? या शिस्तीत खेळाचा आनंदच उरत नाही असे मला वाटते.

मूळ लेखकाचे उत्तर

राग मुळीच नाही. हा प्रश्न मीही स्वतःला विचारतो.

आधी पातळीचा अर्थ पाहू. ‘मध्यम’ म्हणजे आपोआप होणारी स्खलने सहसा संभवत नाहीत, पण माणसाच्या भाराने ती होऊ शकतात. ‘लक्षणीय’ म्हणजे पातळी ३, त्यात माणसाच्या भाराने स्खलन होण्याचा संभव चांगलाच असतो, आणि सर्वाधिक बळी जातात ते याच पातळीच्या दिवशी, कारण दिवस चांगला दिसतो आणि माणसे बाहेर पडलेली असतात. पाच पातळ्यांपैकी ३ म्हणजे मधली, म्हणून बरी, असा हिशेब येथे चालत नाही. प्रत्येक पायरीला धोका कितीतरी पटीने वाढतो. शिवाय आकड्यापेक्षा त्याखाली कोणत्या प्रकारची समस्या लिहिली आहे ते मी आधी वाचतो. वाऱ्याने साठलेल्या ताज्या स्लॅबमुळे आलेली पातळी २ आणि तळाच्या जुन्या थरामुळे आलेली पातळी २ या फार वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत कड्याखालच्या फुगीर, पोकळ वाजणाऱ्या जागा टाळून दिवस नीट घालवता येतो. दुसरीत स्खलन होण्याची शक्यता कमी झालेली असते, पण झाले तर सगळा उतार जमिनीपर्यंत निघतो.

खुणांविषयी इतकेच सांगता येईल, की आधी गेलेल्या दहा जणांचा पाय त्या एका पातळ जागेवर पडला नव्हता. अकरावा जण दोन हात बाजूने वळला की तोच थर मोडू शकतो. ताज्या वादळी बर्फात पुष्कळ खुणा असणे कधीकधी काहीतरी सांगते. खोलवरच्या थराबाबत मात्र त्यांवरून काहीच कळत नाही.

आणि आनंदाबद्दल बोलायचे, तर सत्तावीस अंशांच्या झाडीत, गुडघाभर कोरड्या बर्फात, वारा नसलेल्या सकाळी उतरताना मला कधीच काही कमी पडल्यासारखे वाटले नाही. आपली आवड वेगळी असू शकते, हे मला मान्य आहे. पण मोठे उतार कायमचे सोडावेत असे मी म्हणत नाही. या थराचे दिवस संपेपर्यंत थांबावे, एवढेच म्हणतो.

प्रतिसाद ४

वरील चर्चा टाळण्याविषयी आहे आणि तीच खरी. तरीही सोबत्यावर गाडले जाण्याची वेळ आलीच तर काय, यावर कोणी लिहिलेले दिसले नाही म्हणून लिहितो. मी काही वर्षे शोधपथकात स्वयंसेवक होतो. पथक पोहोचते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के जगतात, पण अर्ध्या तासापर्यंत हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास घसरते. म्हणजे जीव वाचवणारे तेच, जे त्या क्षणी तिथे उभे आहेत. मदत आणायला म्हणून कोणी उतार सोडून जाऊ नये.

बीकन (गाडलेल्याला शोधण्यासाठी अंगावर बांधायचे, संकेत पाठवणारे व पकडणारे छोटे यंत्र) ४५७ किलोहर्ट्‌झवर चालतो आणि जवळच्या विद्युत उपकरणांनी त्यात गोंधळ होतो. मोबाइल, रेडिओ, गरम होणारे हातमोजे, कॅमेरा ही सगळी उपकरणे प्रक्षेपण चालू असताना निदान वीस सेंटिमीटर आणि शोध घेताना निदान पन्नास सेंटिमीटर दूर असावीत. स्नोमोबाइलवाल्यांना विशेष विनंती आहे की बीकन अंगावर बांधा, आणि फावडे व प्रोब (बर्फात टोचून माणूस शोधायची लांब, घडीची काठी) पाठीवरच्या पिशवीतच ठेवा. यंत्राच्या पेटीत ठेवलेले फावडे यंत्रासोबत गाडले जाते, असे मी स्वतः पाहिले आहे.

शोधताना अंतराचा आकडा कमी होत जाईल तसतसा वेग कमी करायचा आणि शेवटचे तीन मीटर बीकन बर्फाला टेकवून, अगदी सावकाश सरकायचे. सर्वांत लहान आकडा मिळाला की पंचवीस-पंचवीस सेंटिमीटरवर, आतून बाहेर फिरत्या वळणाने प्रोब टोचायचा, तोही उताराला काटकोनात. प्रोब माणसाला लागतो तेव्हा जमिनीसारखा टणक ठोका येत नाही. किंचित लवचीक, रबरासारखा प्रतिसाद येतो. हा फरक वाचून कळत नाही, एकदा पुरलेल्या भरगच्च पिशवीवर टोचून पाहावा लागतो. प्रोब लागला की तो तिथेच ठेवायचा आणि थेट वरून खड्डा पाडायचा नाही. खोलीच्या दीडपट अंतर खालच्या बाजूला सरकून आडवे आत खणत जायचे. थांबलेला मलबा सिमेंटसारखा आवळलेला असतो, त्यामुळे तो आधी ठोकळ्यांत कापून मग लोटावा लागतो. वेळेचा मोठा हिस्सा शोधण्यात जात नाही, खणण्यात जातो, आणि सरावात आपण नेमके खणणेच गाळतो.

मदतीला धावण्याआधी वर काय उरले आहे ते पाहावे. २८ डिसेंबर २००८ रोजी ब्रिटिश कोलंबियात फर्नीजवळ स्नोमोबाइलवाल्यांचा एक गट गाडला गेला. जवळचा दुसरा गट त्यांना काढायला धावला आणि दुसरे स्खलन त्यांच्यावरही आले. अकरापैकी आठ जण गेले. त्या माणसांनी जे केले तेच आपल्यापैकी बहुतेकांनी केले असते, म्हणून ही घटना मला विसरता येत नाही.

हवेची पिशवी (स्खलनात फुगवली की बर्फाच्या वर राहायला मदत करणारी, पाठीवरची पिशवी) उपयुक्त आहे. गंभीररीत्या पकडल्या गेलेल्यांतील मृत्यूंचे प्रमाण तिच्यामुळे सुमारे बावीस टक्क्यांवरून अकरावर येते, असे अभ्यासातून दिसले आहे. मात्र जवळपास एक-चतुर्थांश बळी झाडे-खडकांवरच्या माराने जातात आणि तिथे पिशवी फारशी कामी येत नाही. पूर्ण साहित्य असूनही माणसे गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. ६ फेब्रुवारी २०२१ रोजी युटातील मिलक्रीक खोऱ्यात, रवाळ थरावर सुटलेल्या स्खलनात दोन वेगवेगळ्या गटांतील सहा जण पूर्ण गाडले गेले आणि त्यांपैकी चौघांना वाचवता आले नाही.

प्रतिसाद २ चे लेखक

सविस्तर उत्तरांबद्दल मनापासून आभार. आमच्याकडे तिघांत प्रोब दोनच आहेत, हे आज पहिल्यांदा खटकले. तिसरा घेतल्याशिवाय निघणार नाही. शेवटचा प्रश्न असा, की हा थर सावरला हे ओळखायचे कसे? किती दिवस थांबावे?

मूळ लेखकाचे उत्तर

दिवस मोजून सांगता येत नाही. ताज्या वादळी बर्फाची समस्या बहुधा दोन-चार दिवसांत निवळते. निरभ्र रात्री पृष्ठभागावर उगवलेले पिसांसारखे दवस्फटिक पुढच्या बर्फाखाली दबले तर ते कित्येक आठवडे तग धरतात. जमिनीलगतचा रवाळ थर कधीकधी हंगामभर टिकतो, मध्यंतरी झोपतो, आणि मोठ्या वादळाच्या भाराने पुन्हा जागा होतो. वसंतात वितळलेले पाणी पहिल्यांदा त्याच्यापर्यंत पोहोचते तेव्हाही तो उठतो. सलग दोन-तीन रात्री पृष्ठभाग गोठला नाही तर त्या सुमारास मी चढाच्या उतारांखालूनही जात नाही.

मी तीन गोष्टी एकत्र पाहतो. अंदाजात त्या दिशेच्या आणि उंचीच्या उतारांसाठी जुन्या थराचा उल्लेख थांबला आहे का, निदान दोन आठवडे कोणीही त्या थरावर स्खलन झाल्याची नोंद केलेली नाही ना, आणि खड्ड्यात तो थर हाताला कसा लागतो. हाताची परीक्षा सोपी आहे. हातमोजा घातलेली मूठ हलक्या दाबाने आत गेली तर थर अतिशय कच्चा. मूठ न जाता चार बोटे गेली तर थोडा सुधारलेला. एकच बोट जात असेल तर बराच सावरलेला, आणि पेन्सिलीचे टोक लागत असेल तर टणक. स्फटिकांच्या कडा भिंगाखाली गोलसर दिसू लागल्या आणि वरचा बर्फ दीड-दोन मीटर जाड झाला, तर थर सुधारतो आहे असे समजता येते.

तीन आठवड्यांपूर्वीच्या त्या खड्ड्यात माझी मूठ मनगटापर्यंत गेली होती. काल त्याच उतारावर, जुन्या जागेपासून चार पावलांवर, नवा खड्डा घेतला. मूठ आता अडते, पण चार बोटे अजून सहज आत जातात, आणि विस्तारित चाचणीत चौदाव्या थापेला मोड पूर्ण नव्वद सेंटिमीटर धावली. त्यामुळे या आठवड्यातही आम्ही पंचवीस अंशांच्या झाडीतच जाणार आहोत. पुढच्या शनिवारी पुन्हा खणून इथे लिहीन.